म्हाडाच्या बिल्डिंगपुढची भिंत

वाचकाचा प्रश्न (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका मोठ्या संकुलात राहणाऱ्या वाचक भगिनींचं हे पत्र आहे. संकुलात २२ मजल्यांचे पाच टॉवर आहेत. मागच्या रस्त्याला लागून सहावी, ठेंगणी इमारत आहे. तिच्यातले फ्लॅट म्हाडाच्या सोडतीतून गेले आणि गेल्या दिवाळीपासून तिथे माणसं राहायला आली. तेव्हापासून टॉवरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषय नाही. बाग खराब होते, गेटवर गर्दी होते, दोन सायकली चोरीला गेल्या, फ्लॅटचे भाव पडणार. कमिटीने आता विशेष सर्वसाधारण सभा बोलवायचं ठरवलं आहे. ठराव तीन आहेत: सहाव्या इमारतीपुढे सात फुटी भिंत, त्यांना मागच्या रस्त्यावर वेगळं गेट, आणि बाग व क्लबहाऊसमध्ये फक्त टॉवरच्या सभासदांना प्रवेश. वाचक कमिटीच्या खजिनदार आहेत, त्यामुळे भिंतीच्या खर्चाला त्यांची सही लागणार. यजमान भिंतीच्या बाजूचे. नऊ वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी सहाव्या इमारतीतल्या मुलांबरोबर फुटबॉल खेळतो. त्या लिहितात, "आम्ही १ कोटी ३५ लाख मोजले, अजून १७ वर्षं हप्ते आहेत. त्यांना त्याच पत्त्यावर ३० लाखांत घर मिळालं. मला हा अन्याय वाटतो, आणि असं वाटतं याची लाजही वाटते. सही करू की राजीनामा देऊ?" सासरे ३० वर्षं म्हाडाच्याच कॉलनीत राहिले, हे त्यांनी कंसात लिहिलं आहे.

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा सहीपाशी थांबले, दुसऱ्यांदा कंसापाशी. कंसाकडे शेवटी येते.

आधी त्या लाजेचं बघू. दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून हप्ता गेला की पोटात खड्डा पडतो, आणि खिडकीतून खाली बघितलं तर कोणीतरी त्याच आवारात आपल्या पाव किमतीत राहायला आलेलं दिसतं. राग येणारच. तो आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही. फक्त हा राग कोणाच्या दारात नेऊन ठेवायचा, ते नीट ठरवा, कारण तुमच्या ग्रुपवर तो भलत्याच पत्त्यावर चालला आहे.

"त्याच पत्त्यावर ३० लाखांत घर" असं तुम्ही लिहिता. पत्ता तोच, पण घर तेच नाही. मोठ्या प्रकल्पांत काही घरं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बांधायला लावणारी ही सर्वसमावेशक योजना. तिच्यातल्या सदनिका साधारण ३० ते ५० चौरस मीटरच्या असतात, म्हणजे तुमचा हॉल आणि मास्टर बेडरूम मिळून जेवढं होईल त्याच्या आसपास. बहुतेकांना गाडीची जागा नाही. घर पाच वर्षं विकता येत नाही. ते मिळवायला महाराष्ट्राचा अधिवास दाखला लागतो, नवरा-बायकोच्या नावावर त्या भागात दुसरं घर असून चालत नाही, आणि एवढं सगळं जमवूनही सोडतीत नंबर लागावा लागतो. अनेक जण वर्षानुवर्षं अनामत भरतात आणि परत घेतात. तुम्ही बँकेत गेलात, सॅम्पल फ्लॅट पाहिलात, पूर्वेचा की पश्चिमेचा ते निवडलंत. त्यांना संगणकाने दिलं ते घर आणि संगणकाने दिला तो मजला.

आता उत्पन्नाचं. तुमच्या ग्रुपवर "झोपडपट्टी आणून बसवली" हे वाक्य कितीदा आलं ते तुम्ही मोजलं नसेल, पण पत्रात तुम्हीच ते दोनदा उद्धृत केलंय. २०२२ पासून मुंबई आणि पुणे महानगर प्रदेशात अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ६ लाख आणि अल्प गटाची ९ लाख आहे. नवरा-बायको दोघांचं मिळून. म्हणजे महिन्याला ५० ते ७५ हजारांपर्यंत. हे कोण लोक? खासगी शाळेतल्या शिक्षिका, हॉस्पिटलातल्या नर्स, औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट, कंत्राटावरचा इंजिनिअर, कुरिअर कंपनीतला सुपरवायझर. खरं सांगायचं तर जे खरोखर गरीब आहेत त्यांना या योजनेतही घर मिळणं कठीण. तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना ३० लाखांसाठी कर्ज कोणती बँक देणार? या योजनेवर टीकाच करायची तर मी ती करीन. तुमचे शेजारी ज्याला घाबरलेत ते या योजनेत घडतच नाही.

हिशेब दुसऱ्या बाजूनेही करून बघा. १ कोटीचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ८७ हजारांच्या घरात जातो. ५० हजार कमावणाऱ्या कुटुंबाला तुमच्या पुढच्या गेटने आत यायची वाटच नव्हती. मग ती नर्स राहिली कुठे असती? कात्रजच्या पलीकडे, नाहीतर चाकणच्या बाजूला, आणि पहाटे दोन बस बदलून तुमच्या भागातल्या हॉस्पिटलात आली असती. रात्री अकरा वाजता मुलाला ताप आल्यावर आपण तिलाच शोधतो.

हा नियम कोणाच्या उपकाराने आलेला नाही. २०१३ मध्ये राज्य सरकारने १० लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांसाठी ठरवलं की ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करायचं तर मूळ चटईक्षेत्राच्या (म्हणजे त्या जागेवर मुळात जेवढं बांधकाम करू देतात त्याच्या) २० टक्के इतकी घरं अत्यल्प आणि अल्प गटासाठी बांधावी लागतील. त्यांचे लाभार्थी म्हाडा सोडत काढून ठरवते. ठरावीक अटींवर ही घरं दुसऱ्या भूखंडावर बांधायचीही सोय आहे, आणि बरेच बिल्डर तेच बघतात. तुमच्या बिल्डरने ती इथेच बांधली. कुठे बांधली तेही तुम्हीच लिहिलंय: मागच्या रस्त्याला, एसटीपीच्या म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेच्या शेजारी, वेगळ्या रंगाची. ब्रोशरवर मात्र पाचच टॉवर. सेल्सच्या मुलाने "सर, तो नंतरचा फेज आहे" म्हणून वेळ मारून नेली.

तर तुमच्या रागाचा पत्ता हा आहे. करारनाम्याला जोडलेला मंजूर नकाशा काढून बघा. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर तो चढवलेला असतो. त्यात सहावी इमारत दाखवलेली असेल, तर ती तुम्हाला माहीत असायला हवी होती, आणि आपण सगळेच ८० पानांच्या कराराच्या शेवटच्या पानांवर न वाचता सह्या करतो हे कबूल करून गप्प बसावं. जाहिरातीत एक आणि मंजुरीत दुसरं असं झालं असेल, तर रेरा कायद्याचं १२वं कलम खोट्या माहितीमुळे झालेल्या नुकसानीबद्दल बिल्डरकडे भरपाई मागायची मुभा देतं. तिथे भांडा. मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण बिल्डरने लपवलेल्या गोष्टीची वसुली चौथीतल्या पोराच्या फुटबॉलमधून करता येत नाही.

भाव पडतील का? हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. तुमची आयुष्याची कमाई त्यात अडकली आहे. ठाम उत्तर मी देणार नाही, पण एक गोष्ट सांगते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाचं गाव आहे, फिलाडेल्फियापासून जवळ. तिथे कमी उत्पन्नाच्या लोकांना घरं बांधू न देण्यावरून १९७१ मध्ये खटला सुरू झाला. १९७५ मध्ये आणि पुन्हा १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक गावाने आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ दिलीच पाहिजेत. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना हा वाद ठाऊक असेल. गावोगावच्या नियोजन मंडळांपुढे तो अजून चालू आहे. खुद्द माउंट लॉरेलमध्ये एथेल लॉरेन्स या बाईंच्या नावाने १४० घरांची वसाहत उभी राहून पहिली कुटुंबं राहायला आली तेव्हा २००० साल संपत आलं होतं. एथेलबाई त्या आधीच गेल्या होत्या. गावकऱ्यांच्या सभांत तेव्हा जे बोललं गेलं ते तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं भाषांतर वाटावं: चोऱ्या वाढतील, कर वाढतील, भाव पडतील. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या तशाच गावांशी तुलना करून या तिन्ही गोष्टी तपासल्या. वसाहतीमुळे तिन्हींत फरक पडलेला दिसला नाही. शेजारी अशी वसाहत आहे हेच कित्येकांच्या गावी नव्हतं.

न्यू जर्सी म्हणजे पुणे नव्हे, हे मलाही कळतं. तिथली घरं भाड्याची होती आणि देखभाल करणारी एक चांगली संस्था पाठीशी होती. म्हणून मी त्यातून एवढंच घेते: शेजाऱ्याचा पगार किती यापेक्षा इमारत कशी राखली जाते यावर पुष्कळ ठरतं. आणि भावाची गोष्ट निघालीच आहे तर वांद्रे पूर्वेची एमआयजी कॉलनी किंवा पुण्यातलं लोकमान्यनगर आठवा. दोन्ही मुळात सरकारी गृहनिर्माणातल्या वसाहती. आज तिथल्या जागेचा भाव विचारायला गेलात तर तुमचा टॉवर स्वस्त वाटेल.

उलट एक प्रश्न तुमच्या सभेत कोणीतरी विचारायला हवा. उद्या तुमचा फ्लॅट बघायला गिऱ्हाईक आलं आणि त्याला आवाराच्या मधोमध सात फुटी भिंत दिसली, तर ते काय समजेल? पलीकडे काहीतरी भयंकर आहे, असंच ना?

बागेचा विषय मात्र मतांचा नाही, नकाशाचा आहे. मोठ्या लेआउटमध्ये किमान १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, आणि ती त्या लेआउटमधल्या सगळ्या रहिवाशांच्या सामाईक वापरासाठी असते. सहावी इमारत त्याच मंजूर लेआउटमध्ये असेल तर ती मोकळी जागा तिचीही आहे. पाच टॉवरच्या सोसायटीने बहुमताने, एकमताने, टाळ्यांच्या गजरात ठराव केला तरी ती तिची राहतेच. तुमच्या सभेत त्या इमारतीतल्या एकालाही मत नाही, कारण ते तुमचे सभासद नाहीत. ज्यांची जागा अडवायची त्यांना न विचारता केलेला ठराव उपनिबंधकांकडे किंवा महापालिकेकडे किती टिकेल, हे एखाद्या सहकार क्षेत्रातल्या वकिलाला विचारा. भिंत अंतर्गत रस्त्यावर आली तर अग्निशमन दलाची गाडी कुठून जाणार, हा प्रश्नही आहेच. मंजूर नकाशात नसलेली भिंत उद्या पालिकेने पाडायला लावली, तर खर्च बांधण्याचा आणि पाडण्याचा, दोन्ही तुमच्याच खतावणीत पडेल. खजिनदार म्हणून एवढं एक कारणसुद्धा सही थांबवायला पुरेसं आहे.

क्लबहाऊस आणि पोहण्याचा तलाव यांचं गणित वेगळं असू शकतं. ते कोणाच्या करारात सामाईक सुविधा म्हणून लिहिले आहेत ते बघावं लागेल. इथे मी तुमच्या शेजाऱ्यांच्या बाजूने थोडं बोलते. ज्यांनी क्लबहाऊससाठी वेगळे पैसे भरले, त्यांनी "आमच्या पैशांचं आहे" म्हटलं तर त्यात काही गैर नाही.

पण मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे, आणि तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एक ओळही नाही. मेंटेनन्स. तुमच्या टॉवरला महिन्याला किती येतो? साडेपाच-सहा हजार? सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं वाटतात, फ्लॅट ३५० फुटांचा असो की १,५०० फुटांचा. अपार्टमेंट कायद्याखाली, म्हणजे १९७० च्या कायद्याखाली, नोंदणी असेल तर मात्र ज्याचा सामाईक मालमत्तेत जसा अविभक्त हिस्सा तसा त्याचा खर्च. सहाव्या इमारतीला तुमच्याच सोसायटीत ओढून सगळ्यांना समान केलं, तर ५० हजार कमावणाऱ्या घरावर तलावातल्या क्लोरीनचा, जिममधल्या एसीचा आणि लॉबीतल्या इटालियन मार्बलच्या पॉलिशचा सारखा वाटा बसेल. एका वर्षात निम्मे थकबाकीदार होतील. मग ग्रुपवर नवा विषय: "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" समतेच्या उत्साहात असा घोळ झालेला मी पाहिलाय. ती माणसं वाईट नव्हती, हिशेब वाईट होता.

म्हणून माझं म्हणणं असं की भिंतीचा ठराव मुळात हिशेबाचा आहे आणि कोणी हिशेब मांडायला तयार नाही, म्हणून विटा मांडायला निघालेत. खजिनदार तुम्ही आहात. तो मांडायचा अधिकार तुमचाच.

सभेआधी एक कागद तयार करा, एकाच पानाचा. डावीकडे खरोखर सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी: मुख्य गेट आणि तिथले वॉचमन, आतला रस्ता आणि त्यावरचे दिवे, एसटीपी, पाण्याचे टँकर, कचरा, बाग. उजवीकडे फक्त टॉवरच्या गोष्टी: तुमच्या लिफ्ट, तुमच्या लॉबी, क्लबहाऊस, तलाव. डावीकडच्या खर्चात सहाव्या इमारतीचा वाटा किती, तो घरटी धरायचा की क्षेत्रफळावर, हे त्यांच्याशी बसून ठरवा. उजवीकडच्यात त्यांना ओढू नका. क्लबहाऊस हवं असेल त्या कुटुंबाने वर्षाची वर्गणी भरून घ्यावं, आणि ती वर्गणी टॉवरमधल्या भाडेकरूला जी लागते तीच असावी. टँकरचं वेगळं मीटर लावा. पुण्याच्या पश्चिमेला उन्हाळ्यात निम्मी भांडणं टँकरवरून होतात, आणि ती म्हाडाशिवायही होतात. सहाव्या इमारतीची सोसायटी स्वतंत्र नोंदली जाणार असेल तर सगळ्या सोसायट्यांचा मिळून एक संघ करावा लागेल, ज्याला तुमच्याकडे अपेक्स बॉडी म्हणत असतील. तोपर्यंत दोन्हीकडचे तीन-तीन जण घेऊन एक समिती केली तरी चालतं. त्यात त्यांच्याकडची निदान एक बाई असू दे, कारण कचऱ्याचं आणि पाण्याचं खरं काय ते बायकांनाच माहीत असतं.

पार्किंगबद्दल तुम्ही फार लिहिलं नाही, पण पुढचं भांडण तेच असणार. त्यांना गाड्यांच्या जागा नाहीत म्हटल्यावर दुचाकी आतल्या रस्त्यावर लागणार. मंजूर नकाशात दुचाकींची जागा कुठे दाखवली आहे ते पाहा. मागच्या बाजूला असेल तर तिथे छप्पर आणि दिवा करून द्यायला बिल्डरला भाग पाडा. ते काम त्याचं आहे. नकाशात जागाच नसेल, तर टॉवर आणि सहावी इमारत, दोघांनी मिळून बिल्डरच्या मागे लागा. एकत्र भांडायला एक सामाईक शत्रू असला की सोसायट्या फार लवकर जुळतात, हा माझा जुना अनुभव.

सायकलींचं काय? गेटवरचं रजिस्टर आणि सीसीटीव्ही कोणी बघितला का? तुमच्या पत्रावरून वाटतं की नाही. "त्यांच्याकडच्यांनीच नेल्या" हे ग्रुपवर कोणीतरी लिहिलं आणि त्यावर ४० अंगठे आले, एवढाच पुरावा आहे. खेळाच्या जागेवर कॅमेरा लावा, पाहुण्यांची नोंद दोन्ही बाजूंना एकाच पद्धतीने करा, भाडेकरूंची पोलीस नोंदणी दोन्हीकडे मागा. सहाव्या इमारतीत काही फ्लॅट परस्पर भाड्याने गेले असतील तर तो खरा प्रश्न आहे. सोडतीत मिळालेलं घर म्हाडाला न विचारता असं देता येत नाही. पण टॉवरमध्येही चार-चार मुलांना एकेक फ्लॅट दिलेले मालक आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. नियम सगळ्यांना एकच लावा, मग हवा तेवढा कडक लावा.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी असताना एका पाटीवर सही केली होती: घरकामाला येणाऱ्यांनी मागची लिफ्ट वापरावी. कोणाचा तरी तक्रार अर्ज होता, सभा लांबली होती, मला घरी जाऊन कुकर लावायचा होता. केली सही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंजवळ माझ्या घराची किल्ली असायची. दुसऱ्या दिवशी त्या सात मजले जिना चढून आल्या, मागची लिफ्ट बंद होती म्हणून. काही बोलल्या नाहीत. पोळ्या करून गेल्या. पाटी काढायला मला आठ महिने लागले, कारण ठराव करायला एक सभा पुरते आणि मागे घ्यायला तीन लागतात. सही करायच्या आधी एवढं लक्षात ठेवा.

भिंत घालून निघणारा मार्ग इतरांनी चालून पाहिलाय. लंडनमधल्या लॅम्बेथ भागात एका संकुलात कमी भाड्याच्या घरांतल्या मुलांना खेळाच्या मैदानाकडे जाता येऊ नये म्हणून मध्ये कुंपणासारखी झुडपं लावली होती. मार्च २०१९ मध्ये ते वर्तमानपत्रांत आलं, ओरडा झाला आणि वाट मोकळी करावी लागली. मला त्यात लक्षात राहिलं ते हे, की पूर्ण किंमत मोजून घर घेतलेले कितीतरी आईबाप त्या दुसऱ्या मुलांच्या बाजूने बोलत होते. त्यांची मुलं एकाच शाळेत जात होती. झुडपाच्या अलीकडे उभं राहून "तो आत का येऊ शकत नाही?" या प्रश्नाचं उत्तर रोज संध्याकाळी द्यायचा त्यांना कंटाळा आला असणार.

आता तुमचा मूळ प्रश्न: सही की राजीनामा?

दोन्ही नको. राजीनामा दिलात तर दुसरा खजिनदार पंधरा मिनिटांत सापडेल आणि तो सही करेल. तुम्ही मोकळ्या व्हाल, एवढंच. सही करू नका, पण का करत नाही ते कमिटीला लेखी द्या: मंजूर नकाशा, करारनामा आणि पालिकेची परवानगी पाहिल्याशिवाय या खर्चाला माझी संमती नाही. त्यात सहाव्या इमारतीबद्दल, गरिबीबद्दल, माणुसकीबद्दल एक शब्द लिहू नका. तो कागद फक्त कागदपत्रांचा ठेवा. कमिटीचे सदस्य निर्णयांना एकत्रित जबाबदार असतात, त्यामुळे तुमचा विरोध इतिवृत्तात नोंदवला गेलाय की नाही हे पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होताना डोळ्यांनी बघा. "घेतलंय हो मॅडम" यावर जाऊ नका. अनुभव आहे.

सभेपूर्वी एकदा सहाव्या इमारतीत जा. कमिटीचं शिष्टमंडळ वगैरे नको. तुम्ही आणि शक्य असेल तर अध्यक्षबाई, संध्याकाळी, चहाच्या वेळी. मुलाच्या मित्राच्या घरापासून सुरुवात करा. त्यांना काय हवंय ते विचारा. माझा अंदाज असा की तलाव कोणी मागणार नाही. गेटवर वॉचमन "कुठे चाललात?" विचारतो ते थांबवा, म्हणतील. टँकरचा हिशेब दाखवा, म्हणतील. त्यांच्याही तुमच्याबद्दल तक्रारी असतील, आणि त्यातल्या एक-दोन ऐकताना तुम्हाला राग येईल. येऊ दे. तिथेच भांडू नका.

सभेत एक सुचवा: तीन महिने भिंतीचा विषय तहकूब. त्या तीन महिन्यांत बागेचे नियम सगळ्यांना सारखे असावेत. चेंडूचे खेळ साडेसातपर्यंत, झोपाळ्यावर फक्त दहा वर्षांखालची मुलं, झाडांची नासधूस केली तर त्या त्या आईबापांना दंड, टॉवर असो की सहावी इमारत. दंडाची वही तुमच्याकडे राहू दे. तीन महिन्यांनी ती वही सभेपुढे ठेवा. त्यात काय निघेल हे मला माहीत नाही. कदाचित तुमच्याच टॉवरमधली दोन नावं सर्वांत वर असतील, कदाचित नसतील. पण मग बोलणं निदान नावांवर होईल, इमारतींवर नाही. आणि तरीही बहुमताने भिंतच ठरली तर? तर तुमचा नोंदवलेला विरोध आहे, पालिकेची परवानगी अजून यायची आहे, आणि सहाव्या इमारतीला वकील करायचा अधिकार आहे. तुम्ही एकट्याने सगळं अडवायचं, असं ओझं घेऊ नका.

आता तो कंस. सासरे ३० वर्षं म्हाडाच्या कॉलनीत राहिले. माझा पहिला मोह असा झाला की तुम्हाला सांगावं, हेच यजमानांना ऐकवा. पण तसं करू नका. "तुझे वडील तरी कुठे होते?" असं रागात म्हटलंत तर ते वाक्य भिंतीबद्दल राहणार नाही, वडिलांबद्दल होईल, आणि मग यजमान भिंतीला आणखी घट्ट धरतील. जी माणसं दोन खोल्यांतून वर आली, त्यांना कधी कधी खाली बघायची सर्वांत जास्त भीती वाटते. त्यांना टोचून बोलण्यात काय अर्थ आहे? त्यापेक्षा सासरे हयात असतील तर एखाद्या रविवारी त्यांनाच जेवायला बोलवा आणि त्या कॉलनीबद्दल सहज विचारा. नळावर पाणी किती वाजता यायचं, गणपती कुठे बसायचा, बाजूच्या बंगल्यातली मुलं खेळायला यायची का. नातू समोर असू दे. सभेचा विषय त्या दिवशी काढू नका.

मुलाला काय सांगायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, आणि ते बरंच केलंत. त्याला फुटबॉल खेळू द्या. फक्त सभेची तारीख ठरली की त्या आठवड्यात बागेकडे थोडं लक्ष ठेवा. मोठ्यांच्या ग्रुपवर जे चालतं ते मुलांपर्यंत दोन दिवसांत पोचतं, आणि तेव्हा तिथे कोणीतरी मोठं माणूस बाकावर बसलेलं बरं.

नकाशा मिळाला की मला जरूर लिहा. सहाव्या इमारतीची जमीन त्याच लेआउटमध्ये आहे की वेगळी काढून म्हाडाच्या नावे केली आहे, यावर वर लिहिलेल्यातलं बागेपुरतं बदलू शकतं. तेवढं एक पान मला पाहायचंय.